दोन वर्षं टिकणारी हळद

साजिया, तू नुसती ऐक बरं, मधी बोलायचं न्हाई. परवा आमच्या प्रीतीताईची हळद होती ना, तिथलं सांगून राह्यले.

आमच्यात काय असतं, नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीकडं येते. उष्टी हळद. तिच्याशिवाय नवरीला हळद लागत न्हाई. मंग वडीगोद्रीहून नवरदेवाकडची गाडी आली. आधी कोण उतरावं? शालू. दाजींची बहीण. हातात काचेची बरणी, बरणीला गुलाबी रिबन, अन् तोंड असं, जसं काय जुन्या जालन्यात कुणी हळदच पाह्यली न्हाई! म्हणली, "दादाला लावून उरलेली ती हीच."

ही शालू घरी साबण, क्रीम, उटणं बनवून विकती. संक्रांतीला स्टॉल लावल्ता, त्यातलंच न खपलेलं उटणं ह्या शालूबाईंनी होणाऱ्या वहिनीसाठी, म्हंजी आमच्या ताईसाठी, आणल्तं. बरणीवर चिठ्ठी. दूध, कोरफड, गुलाबपाणी, हळद. अन् खाली, एक्सपायरी दोन वर्षं.

म्या म्हणलं, "शालूताई, दूध दोन वर्षं टिकतं?"

ती हसली. "अगं येडे, बाजारातल्या क्रीमवर दोन वर्षं लिहितात, ती तर केमिकलची. माझ्यात केमिकल बिलकुल न्हाई. मंग माझं त्याच्याहून कमी कसं टिकंल?"

ऐकलंस? आमच्याकडं सकाळचं दूध दुपारी फाटतं, अन् हिचं संक्रांतीपासून उन्हाळ्यापर्यंत ताजं!

झाकण फुगलेलं. म्या फिरवलं तर फुस्स झालं. अन् वास! आंबलेल्या पिठात ओलं पायपुसणं पडल्यावानी. वर हिरवा थर.

"ही बुरशी हाये," म्या म्हणलं.

"कोरफड वर आली ती. हर्बल असंच असतंय. तुम्हाला सवय न्हाई."

ताईचं तोंड तर तुला माहितीये. साबण बदलला तरी फोड येतात. अन् दुसऱ्या दिवशी लग्न! ताई माझ्याकडं बघती, मी आईकडं बघते. आईनं मला असा चिमटा काढला! "गप बस. लावू दे थोडीशी. पोरीला तिथं नांदायचंय." ताईनं डोळे मिटून तोंड पुढं केलं. बकरीवानी!

मंग माझं डोकंच फिरलं. बरणीत हात घातला, मूठभर काढलं अन् वरडले, "आधी मान नणंदबाईचा!" शालूच्या दोन्ही गालांवर थापलं. हळदीत रागवायचं नसतं, बराबर ना?

"ईऽऽ! काढ, काढ! साबण द्या कुणीतरी!" मोरीकडं पळाली.

"कोणता देऊ, शालूताई? केमिकलचा?"

बाया पदरात तोंड घालून हसायल्या. दाजींची आई, गिरिजाबाई, तेवढ्या हसल्या न्हाईत. हळूच म्हणल्या, "आमच्या धर्मराजनं पण वास घेऊन ही बरणी बाजूलाच सारली व्हती. त्याला घरचीच हळद लावली."

आता समजलं का तुला? ती उष्टी हळद नव्हतीच! नवरदेवाच्या अंगाला चालंना, ते रिबन बांधून नवरीला पाठवलं. अन् आम्ही मान म्हणून घ्यायचं!

गिरिजाबाईंनी वाटीत आमची साधी हळद कालवून घेतली. त्यांचे हात दाजींच्या हळदीनं पिवळेच व्हते. "माझ्या हाताला त्याचीच लागलीये. झाली उष्टी," म्हणल्या, अन् ताईला लावली. लग्नात ताईच्या तोंडावर एक फोड न्हाई. फोटो दाखवते तुला.

पण आज सकाळी ताईचा फोन. बारीक आवाजात. शालू तिच्याशी बोलंना. मुकाट्यानं न्हाणीघरात एक नवीन बरणी ठेवून गेली म्हणं, वर 'वहिनीसाठी खास'. ताई म्हणती, "तुझी मज्जा झाली, इथं राहायचंय मला." अन् फोन ठेवला.

आता तूच सांग साजिया, ताईनं तोंड पुढं केल्तं, आई चिमटे काढून राह्यल्ती, अन् बरणी माझ्या हातात व्हती. तू काय केलं असतं?