धूर न येणारं धुराडं

गवंड्यानं घर बांधलं झकास, पण थंडीचा विचार काही केला नाही. ही चूक अर्सला थॉर्नकॉम्बच्या ध्यानात आली ती त्या सकाळी, आणि तीही फिंचच्या तोंडून.

फिंच अंगणात मान वर करून उभा होता. राणीसरकारचा माणूस. राणीनं कॅथलिक पंथावर बंदी घातलेली. कॅथलिक पाद्री हुडकायचे आणि लंडनला धाडायचे, हा त्याचा धंदा. पाद्री सापडला की फासावर, आणि लपवणाराही त्याच्या मागोमाग. कालपासून त्याच्या माणसांनी घराची पार दैना केली होती. भिंतींवरच्या लाकडी फळ्या ठोकून पाहिल्या, जिन्याच्या पायऱ्या उचकटल्या, गाद्या फाडून पिसं उधळली. हाती काही लागलं नव्हतं. आणि आता हा मेला छपराकडे बघत बसला होता.

"बाई, घर मात्र देखणं आहे हं तुमचं," तो म्हणाला. "दोन धुराडी इकडे, दोन तिकडे. आणि विटांना पीळ काय दिलाय, वा! पण एवढा कडाका पडलाय, तीन धुराडी भकाभका धूर ओकतायत, आणि ते चौथं गप्प. ते का रुसलंय?"

अर्सलानं मान वर केलीच नाही.

ते धुराडं नावालाच होतं. त्याच्या खाली, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, शेकोटी होती, पण तीही दाखवायची. शेकोटीच्या मागं, भिंतीच्या जाडीत, माणूस गुडघे पोटाशी घेऊन जेमतेम बसेल एवढी जागा ठेवलेली होती. त्या जागेला हवा मिळावी म्हणून धुराडं उभं केलेलं. आणि तिथं कालपासून तिचा धाकटा भाऊ ॲम्ब्रोज बसला होता. आई गेल्यावर तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. समुद्रापार जाऊन पाद्री होऊन परतलेला वेडा पोरगा.

"सासूबाईंची खोली ती," ती म्हणाली. "त्या गेल्या तेव्हापासून आम्ही तिथं पेटवत नाही काही."

"अरेरे! मग आज पेटवू की. माझी माणसं गारठलीत, सासूबाईंच्या आत्म्यालाही जरा ऊब मिळेल."

वर गेल्यावर फिंचनं शेकोटीच्या आतल्या विटांवरून बोट फिरवलं आणि बोट तिच्यासमोर धरलं. स्वच्छ!

"काजळीचा ठिपका नाही. सासूबाई भलत्याच टापटिपीच्या होत्या म्हणायच्या."

"तर काय!" दारातून जॉइस म्हणाली. ही या घरातली जुनी मोलकरीण, सगळं ठाऊक असलेली. "आम्हाला विचारा ना. घासून घासून हाताची सालं निघायची आमच्या."

फिंच हसला, पण डोळे काही हसले नाहीत. "हे बघा बाई. धूर सरळ वर गेला, तर तुमचं खरं. नाहीतर ही भिंत मी फोडणार. पेटवा."

जॉइसनं लाकडं आणून शेकोटीपाशी टाकली. अर्सलानं ती उचलली. नाही म्हणावं तर भिंत फुटणार. हो म्हणावं, तर जिथून हवा जाते तिथूनच धूर आत जाणार. तिनं ठिणगी पाडली आणि मोठ्यानं म्हणाली, "जॉइस, बाजूला हो गं, आता धूर होईल!" भिंतीपलीकडे ऐकू जावं म्हणून. याहून जास्त काय करणार होती ती?

लाकडं कोरडी होती, लगेच पेटली. धूर वर गेला. फिंच हाताची घडी घालून कान देऊन उभा. त्याची दोन माणसं हात शेकायला पुढं सरकली. देवा, याला खोकू देऊ नकोस, अर्सला मनात म्हणत होती, एवढं ऐक माझं, याला खोकू देऊ नकोस.

आणि भिंतीतून आवाज आला. बारीकसा, दाबलेला.

फिंचनं झटकन मान वळवली. अर्सला त्याच क्षणी खोकली. मोठ्यानं, छाती फुटेस्तोवर. जॉइसनंही सूर लावला. पण धूर तर सगळा वर जात होता, खोलीत काही नव्हतंच. मग या दोघी खोकतायत कशाला? फिंचच्या कपाळावर आठी पडली.

तेव्हा तिनं ते केलं. कोपऱ्यात बर्फात भिजलेला पेंढा पडला होता, शिपायांच्या बुटांखालून आलेला. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि जाळावर टाकला. "विझतोय मेला," असं काहीतरी पुटपुटली. पांढरा दाट धूर उसळला, वरही गेला आणि खोलीतही पसरला. आता सगळेच खोकायला लागले.

"बाई, जीव घेता का आमचा!" फिंच डोळे चोळत ओरडला आणि माणसांना घेऊन जिन्याकडे पळाला.

खोकल्यात खोकला मिसळून गेला. कुणाचा कुठला, कुणाला कळणार!

तिनं खिडकीतून पाहिलं. फिंच अंगणात उभा राहून पुन्हा वर बघत होता. धुराडं आता ऐटीत धुमसत होतं. त्यानं मान हलवली, घोडे आणायला सांगितलं.

"विझवा आता, बाईसाहेब," जॉइस कुजबुजली. "विझवा हो!"

"धूर थांबला तर तो परत येईल."

घोडे यायला उशीर होत होता. एका शिपायाचा पट्टा तुटला, दुसऱ्याला बिअर हवी झाली. फिंच निवांत पीत उभा, आणि नजर मात्र वर. अर्सला आणखी लाकूड घालत होती. स्वतःच्या हातानं, एकेक. भिंतीतला खोकला जोरात झाला, मग घुसमटला, मग थांबला. थांबल्याबरोबर तिला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचीच अशी भीती वाटली की तिनं भिंतीला कपाळ टेकलं.

शेवटी टापा वाजल्या. फाटकापर्यंत, मग पुलावर, मग रस्त्यावर. ऐकू येईनाशा झाल्या तेव्हाच जॉइसनं जाळावर बादली ओतली आणि दोघींनी तापलेल्या विटा नुसत्या हातांनी ओढून मागची फळी उघडली.

ॲम्ब्रोज तसाच बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन. खोकला ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं झग्याची अख्खी बाही तोंडात कोंबली होती, पार घशापर्यंत.

अर्सलानं ती ओढून काढली. त्याला बाहेर घेतलं, मांडीवर घेतलं, पाठीवर थापट्या मारल्या, लहानपणी दूध ठसकल्यावर मारायची तशा.

"गेले ते," ती म्हणाली. "गेले रे सगळे. खोक आता. मोठ्यानं खोक, कुणी नाही ऐकायला. अरे, खोक ना!"

जॉइसनं तिचा हात धरला. अर्सलानं तो झिडकारला आणि पुन्हा थापटत राहिली.