सोमवारचा पाऊस

दोघा भावांतल्या धाकट्याला सगळे मिलिमीटर म्हणत, आणि तो त्या नावावर बेहद्द खूश होता. विमा कंपनीचं पाऊस मोजायचं यंत्र त्याच्याच शेताच्या कडेला, तारेच्या कुंपणात उभं होतं. रोज सकाळी साडेआठला आतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा रेघेच्या पातळीत आणून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, फोनवरून कळवायचा. सहा वर्षांत त्याने एक सकाळ चुकवली नव्हती. हंगामाची बेरीज दोनशे मिलिमीटरच्या आत राहिली तर विमा उतरवलेल्या सगळ्यांना भरपाई. वर गेली तर कोणालाच दमडी नाही.

थोरल्याला विम्याचं नाव काढलं तरी मिरच्या झोंबत. "पाऊस पडला तर हप्ता बुडाला, नाही पडला तर कोण दारात पैसे आणून देणार आहे?" छत्री घेतली आणि पाऊसच आला नाही म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्यांतला तो. यंदा मात्र धाकट्याने हातापाया पडून त्याला हप्ता भरायला लावला, आणि थोरल्याने भरला म्हटल्यावर आणखी चाळीस घरांनी भरला.

ऐन हंगामात धाकट्याची मुलगी बाळंतपणात अडली. तो दवाखान्यात धावला, आणि जाताना वही थोरल्याच्या हातात देऊन गेला. नियमात हे बसत नव्हतं. पण सख्ख्या भावाला परका कोण म्हणेल?

सोमवारी थोरल्याने माप डोळ्यांसमोर धरलं. पाणी जेमतेम तीनच्या रेघेपर्यंत. तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, पोर अजून शुद्धीवर नाही रे," धाकट्याचा आवाज फाटला होता. "आणि तिकडे पीक माना टाकतंय. पडला नसेल तर सांग, मी येतो, एखादा टँकर बघतो."

"येतोस कशाला? झकास पडलाय! तेवीस भरला. तू पोरीपाशी थांब."

धाकट्याने तिथूनच तेवीस कळवून टाकले, आणि थोरल्यानेही वहीत तेवीसच लिहिले. त्यात काही पाप आहे असं त्याच्या मनातही आलं नाही. बांधावर भेटला की जो तो पाऊस वाढवूनच सांगतो. तुझ्यापेक्षा माझ्याकडे जास्त पडला, हे म्हणण्यातच अर्धी मिजास. आणि इथे तर भावाचा जीव टांगणीला लागला होता. मुलगी चौथ्या दिवशी शुद्धीवर आली.

शेतं मात्र वाळून कोळ झाली. हंगामाची बेरीज निघाली दोनशे सात.

विम्याचे साहेब आले तेव्हा सोसायटीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या पेरणीचं बियाणं कोणाकडेच उरलं नव्हतं.

"काय मिलिमीटर, कंपनीने किती दिले?" कोणीतरी ओरडलं. एकाने धाकट्याची कॉलर धरली. बटणं तुटून खाली पडली.

साहेबांनी हात वर केला. "हे बघा, आकड्यात चूक असेल तर वाचणाऱ्याने आजच लिहून द्यावं. मी फेरतपासणी लावतो."

"एकही आकडा चुकलेला नाही," धाकटा म्हणाला. कॉलर अजून दुसऱ्याच्या मुठीत होती, तरी त्याचा आवाज ताठ होता.

थोरला दारापाशी उभा होता. एक वाक्य बोलला असता तर चाळीस घरांची चूल पेटली असती. पण त्याच चाळीस घरांनी त्याला उभा चिरला असता. त्याला स्वतःची शरम वाटली, आणि शरमेपेक्षा भीती जास्त वाटली. तो हळूच दाराबाहेर सरकला. साहेबांनी कागद पिशवीत भरले.

धाकटा बाहेर येऊन त्याच्यासमोर उभा राहिला. शर्ट छातीपर्यंत उघडा पडला होता.

"दादा, एकदाच विचारतो. सगळे म्हणतात सोमवारी थेंबभरच होता. तो तेवीस खरंच होता ना?"

थोरल्याने त्याच्या डोळ्यांत बघायचं टाळलं. "होता की. मी का खोटं सांगेन?"

धाकट्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. "झालं तर मग," तो म्हणाला. "सगळं जग काही का म्हणेना." उरलेलं एकुलतं बटण लावून तो पुन्हा आत गेला, त्या चाळीस जणांशी आपल्या भावाच्या शब्दावर भांडायला.