तोल गेला तो कोणाचा

मी दरवाजा बोलतोय. सध्या रबाई नावाच्या शेजारणीच्या घरासमोरच्या नाल्यावर आडवा पडलोय आणि लोक माझ्यावरून ये-जा करतात, तेव्हा मला फळी समजलात तरी मी रागावणार नाही. पण अंगावर कडीची भोकं आहेत, बिजागऱ्यांच्या खाचा आहेत. नीट पाहिलंत तर आणखी एक दिसेल. माझी वरची कड तिरकी आहे, एका कोपऱ्याकडे उतरत गेलेली. असा मी जन्मलो नव्हतो.

आमच्या राजांग नदीच्या वरच्या अंगाला कापूर नावाची झाडं आहेत. लाकूड चिरलं की खरोखर कापराचा वास सुटतो. लाउ कोंग मिंग आमच्या सिबू गावातल्या लाकूड गिरणीत कामाला होता. त्यानं माझी फळी स्वतः निवडली आणि बायकोच्या स्वयंपाकघरासाठी मला स्वतःच्या हातानं घडवलं. काटकोनात असं बसवलं, की बंद केल्यावर माझ्या कडेनं कागदसुद्धा सरकायचा नाही. मला त्याचा गर्व होता, अजूनही आहे.

घराचा पुढचा भाग त्यानं खोल गाडलेल्या काँक्रीटच्या खांबांवर उभा केला होता. स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली छोटी खोली मागाहून जोडली, ती मात्र खारफुटीच्या आखूड बल्ल्यांवर, आणि मी या दोन भागांच्या जोडावर. सिबूच्या जमिनीचं काय सांगावं! खणत जा, खडक लागत नाही. नुसती काळी, ओली, कुजलेल्या पाल्याची माती. ती दबते हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त ती आपल्या नाही, शेजाऱ्याच्या घराखाली दबते अशी प्रत्येकाची खात्री असते.

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. सिउ इंग, म्हणजे कोंग मिंगची बायको, दोन्ही हातांत भांडी घेऊन यायची आणि मला कमरेनं ढकलायची. नव्या वर्षाला माझ्या कपाळावर लाल कागद लागायचा. मुलाच्या, ची सिओंगच्या वाढदिवसाला लाल तांदळाच्या दारूत कोंबडी शिजायची, त्यात बारीक शेवया पडायच्या, आणि तो वास चार-चार दिवस माझ्या अंगाला राहायचा. घरातली भांडणंही मीच आत ठेवली. बाहेर हाक गेली नाही.

मग कधीतरी माझा वरचा कोपरा चौकटीला घासू लागला. कोंग मिंग म्हणाला, लाकूड फुगलंय. त्यानं रंधा काढला आणि माझी वरची कड तासली. घरभर कापराचा वास पसरला. सिउ इंग कालवण ढवळता ढवळता थांबली आणि म्हणाली, आपण या घरात आलो तेव्हा असाच वास होता.

मला तेव्हाच सांगायचं होतं. पावसानं लाकूड फुगतं, कबूल. पण उन्हं पडली की ते ओसरतं. मी ओसरत नव्हतो. मी होतो तेवढाच होतो, चौकट वाकडी होत होती. नाल्याकडच्या बाजूनं स्वयंपाकघर खाली चाललं होतं आणि मला अडकण्यापलीकडे दुसरी भाषा येत नव्हती. मी अडकत राहिलो, ते तासत राहिले. दरवाजाचं ऐकतं कोण?

कोंग मिंग गेला. ची सिओंग तोवर कुचिंगला नोकरीला लागला होता. त्याचं लग्न झालं, संसार तिकडेच थाटला. सिउ इंग एकटी राहिली. दर रविवारी त्याचा फोन यायचा, जेवलीस का म्हणून. उरलेल्या दिवसांत ती माझ्याशीच बोलायची म्हटलं तरी चालेल. अडकलो की म्हणायची, "आलास का पुन्हा रुसून?" आणि खांदा लावायची. खरं सांगतो, त्या दिवसांत मला अडकायला आवडायचं. तेवढाच तिचा खांदा लागायचा.

तिच्या कढईतलं तेल एका बाजूला गोळा होऊ लागलं. तिनं शेगडीच्या पायाखाली फरशीचा तुकडा सरकवला. मग कपाट डुगडुगलं, त्याच्या पायाखाली लाकडाची चकती गेली. मग पलंगाखाली. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, याच वस्तूचा पाय आखूड निघाला. माझ्या कोपऱ्यापासून भिंतीत एक तिरकी भेग वर चढली, तिच्यावर तिनं दिनदर्शिका टांगली. हे सगळे तुकडे तिनं कधी एकत्र जोडून पाहिले नाहीत. एकटं माणूस एका वेळी एकच गोष्ट निस्तरतं.

आणि ती भिंत धरून चालू लागली. रबाई, नाल्यापलीकडची इबान जमातीची शेजारीण, मोठी चेष्टेखोर बाई. एकदा चहा पिता पिता म्हणाली, "ताई, स्वयंपाकघरात तू बदकासारखी चालतेस. बाजारात मात्र माझ्यापुढे पळतेस, पकडावी लागतेस."

"बाजारात मासे संपतात, इथं काय संपणार आहे?" सिउ इंग म्हणाली, आणि दोघी हसल्या. मी चौकटीत कळवळलो. सगळं उत्तर त्या चेष्टेत होतं. दोघींपैकी कोणालाच ते दिसलं नाही.

एक दिवस ती पडली. मागची जमीन खचत गेली, तसा माझा उंबरठा स्वयंपाकघराच्या बाजूनं उंच होत गेला होता. तिचा पाय मात्र इतक्या वर्षांच्या सवयीनं तेवढाच उचलला गेला. मनगट मोडलं. ची सिओंग धावत आला.

तो आला तेव्हा मी नेमका अडकलो होतो. तिनं प्लास्टरमधला हात सांभाळत मला ढकललं, मी हललो नाही. त्यानं एका धक्क्यात उघडलं.

"आई, तुझ्यानं आता दरवाजासुद्धा उघडत नाही."

"अरे, तो अडकतो."

"मग माझ्यानं कसा उघडला?"

थोड्या वेळानं तिच्या हातातून लिंबू निसटलं. ते थेट नाल्याकडच्या भिंतीपर्यंत घरंगळत गेलं आणि ती त्याच्यामागे वाकत वाकत गेली. ची सिओंगनं धावून तिला धरलं. त्याला वाकलेली आई दिसली. पळणारं लिंबू दिसलं नाही. दवाखान्यात वयाचं निदान झालं. कानांचंही काहीतरी सांगितलं, गोळ्या दिल्या. मुलानं तिला कुचिंगला न्यायचं ठरवलं. जाण्याआधी त्यानं रंधा काढून मला शेवटचं तासलं, घर बंद करून ठेवायला मी नीट लागलो पाहिजे म्हणून.

निघताना रबाईनं विचारलं, खरंच जातेस का. सिउ इंग म्हणाली, "जायला हवं. माझा तोल राहत नाही गं आता." हे तिनं इतक्या साधेपणानं म्हटलं की मला वाटलं, माझे सांधे निखळतील. तिचा स्वतःचा विश्वास बसला होता. माझ्यावर तळवा ठेवून ती क्षणभर उभी राहिली आणि गेली.

मग रिकामं घर. तासलेला मी आता अडकत नव्हतो, उलट आपोआप उघडायचो, आणि उघडाच राहायचो. ढकलायला कोणी नाही, रुसलास का विचारायला कोणी नाही. दिनदर्शिका त्याच महिन्यावर थांबलेली. कपाळावरचा लाल कागद उन्हानं गुलाबी झाला, मग पांढुरका. पुढच्या नव्या वर्षाला नवा लागला नाही. तसा एकटेपणा मी नंतर नाल्यावर पडूनही भोगला नाही, इथं निदान पावलं तरी लागतात.

पुढं घर विकलं गेलं. सामान काढायला ची सिओंग आला, मदतीला रबाई. पलंग हलवला, खाली चकती. कपाट हलवलं, खाली चकती. शेगडी उचलली, फरशीचा तुकडा. सगळ्या नाल्याच्याच बाजूला. तो त्या हातात घेऊन बघत राहिला. मग त्यानं पातेल्याचं झाकण जमिनीवर उभं धरून सोडलं. झाकण घरंगळत भिंतीला जाऊन आपटलं. तो उठायला गेला, झोकांडला, आणि त्यानं माझी चौकट धरली. नेमकी तिथंच, जिथं तिचा हात पडायचा.

तेवढ्यात तिचा फोन आला. घर कसं आहे, ती विचारत असावी. तो म्हणाला, ठीक आहे. मग म्हणाला, "नाही आई, आता अडकत नाही दरवाजा." आणि फोन ठेवला.

"तिला सांग," रबाई म्हणाली.

"आता सांगून काय? घर विकलं. तिला काठीची सवय झाली."

"मी घराचं म्हणत नाहीये. तिच्या तोलाचं तिला सांग. हे मुलानं सांगायचं असतं, नाहीतर मीच सांगितलं असतं."

त्यानं चकत्या खिशात घातल्या.

नव्या मालकांनी मागच्या भागाखाली जॅक लावून तो उचलला, नवे खांब घातले. जमीन सपाट झाली, चौकट पुन्हा काटकोनात आली. आणि माझ्या वरच्या कडेवरून पलीकडचा उजेड दिसू लागला. वाकड्या घराला बसावं म्हणून ज्याला तासलं, तो सरळ घरात बसेना. मला काढलं. रबाईनं मागून घेतलं आणि नाल्यावर टाकलं, दोन्हीकडे दगड लावून, अगदी समतल.

या चिंग मिंगला, थडगी झाडायच्या दिवसांत, ची सिओंग आईला घेऊन आला. वडिलांच्या थडग्यावरून दोघं रबाईकडे आले. सिउ इंगनं काठी टेकत माझ्यावर पाऊल ठेवलं. मधोमध थांबली. काठीचं टोक कडीच्या भोकात अडकलं होतं. ती खाली बघत राहिली.

"हा तर माझा," ती म्हणाली. "रुसका."

मग तिनं काठी पुढं रबाईच्या हातात दिली आणि मोकळ्या हातांनी दोन पावलं टाकली. सरळ, बाजारात टाकायची तशी. रबाई तिच्याकडे बघत नव्हती, तिच्यामागे उभ्या असलेल्या मुलाकडे बघत होती. ची सिओंगचा हात खिशात होता. तोंड उघडलं त्यानं.

"आई, सांभाळून," तो म्हणाला. "तोल जाईल." आणि त्यानं तिचा दंड धरला.

तिनं काठी परत मागून घेतली.

ते गेले. मी इथंच आहे. पाऊस लागतो, पावलं लागतात, वास आता फारसा उरला नाही. मला स्वतःसाठी काही मागायचं नाही. पण तुमच्याही घरात एखादं म्हातारं माणूस भिंत धरून चालत असेल, त्याच्यानं दरवाजा उघडत नसेल, आणि त्याचा तोल गेला असं तुम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं असेल, तर त्याला ते सांगण्याआधी एक करा. जमिनीवर एक लिंबू ठेवून बघा.