दुसरं इंजिन

“दोन्ही चालतात ना? की एक नुसतं शोभेला?” बायकोने विमानाच्या पंखाखाली वाकून विचारलं.

“अगं, दोन्ही चालतात,” चष्मेवाले म्हणाले. चष्म्यांचं दुकान विकून टाकलं तरी त्या छोट्या विमानतळावर सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत.

कित्येक वर्षं ते तिथे एका इंजिनाचं जुनं विमान उडवत होते आणि तितकीच वर्षं बायको कॅन्टीनमध्ये जीव मुठीत धरून बसत होती. एकुलतं एक इंजिन बंद पडलं तर काय, या तिच्या प्रश्नापुढे त्यांची मात्रा कधी चालली नाही. तिला एकदा तरी वर न्यायचं, एवढीच हौस उरली होती. म्हणून आता दोन इंजिनांचं घ्यायचं ठरलं होतं.

घोडं अडलं होतं ते दोन विमानांपाशी. एक नवं, इंधन कमी पिणारं, पण आत इतकं अरुंद की मागे बसणाऱ्याने पाय खिशात ठेवावेत. दुसरं हे जुनं, ऐसपैस, आणि खादाड. बायकोचा कौल याला होता. “दार मोठं आहे. पटकन उतरता येईल,” ती म्हणाली. हवेतून पटकन उतरून ती कुठे जाणार, हे विचारायची चष्मेवाल्यांची छाती झाली नाही.

तिथला प्रशिक्षक त्यांचा जुना मित्र. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. चाचणीला तो शेजारी बसला. बरंच वर गेल्यावर म्हणाला, “डावं इंजिन गेलं असं समज,” आणि त्याने डाव्या इंजिनाचा जोर काढून घेतला.

विमानाचं नाक डावीकडे वळू लागलं. चष्मेवाल्यांनी उजव्या पायाने पेडल दाबलं. नाक सरळ राहावं म्हणून ते दाबून धरायचं होतं. शस्त्रक्रिया झालेला गुडघा थरथरला आणि पाय हळूहळू मागे यायला लागला.

“सोड, घेतलं मी,” कॅप्टन म्हणाला.

पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच.

“ते नवं बघायचं का? ते जरा हलकं आहे.”

“पाय हाच असणार ना रे,” चष्मेवाले म्हणाले. त्यांना फार वाईट वाटत होतं.

खाली बायको वाट बघत होती. “मग? ठरलं?”

फार इंधन पितं, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. “नाही घ्यायचं,” ते म्हणाले. “एक इंजिन गेलं तर मला सावरता येत नाही. पाय टिकत नाही.”

तिने त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं. “आणि आपल्या जुन्यात?”

“त्यात असं एका अंगाला खेचत नाही. इंजिन गेलं तर मोकळी जागा बघून तरंगत उतरायचं. ते जमतं मला. शंभरदा सांगितलंय तुला.”

“सांगितलंत. पण जमत नाही असं तुमच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं. म्हणजे जमतं म्हणता तेही खरंच असेल.” तिने पर्स खांद्याला लावली. “चला, बसते त्यात.”

विमानाने जमीन सोडली तेव्हा तिने डोळे गच्च मिटले होते.

“अगं, उघड ना.”

“नाही. तुम्ही सांगा काय दिसतंय ते.”

चष्मेवाल्यांनी खाली पाहिलं. “कॅन्टीनचं छप्पर. आता नदी लागली. पुलावर एक ट्रक आहे.”

“कुठल्या रंगाचा?” डोळे न उघडता तिने विचारलं.