तराजूत तोलून आणलेली रॅकेट

मी रॅकेट बोलून राह्यली. हसू नका. बॅडमिंटनची नाय, टेनिसची. लाकडाची, काळ्या जाड मुठीची, अन वजनानं भरगच्च चारशे ग्राम. हे वजन मले कसं ठाऊक? मले तराजूत घातलं होतं ना, कांद्यासारखं!

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवल्या, वाफेनं वाकवल्या, अन मंग एका मिस्त्रीनं माझ्या तारा अशा कचकचून ओढल्या का बोट मारलं त ‘टंग’ वाजे. तो म्हने, ही पक्क्या खेळाडूची. ज्याच्या मनगटात दम हाय त्याची. म्हंजे मी कोनाची, हे जन्मल्यापासून ठरलेलं होतं. मी कोनाले फसवलं नाय. हे आधीच सांगून ठेवते, कारन पुढं सगळे माझ्यावरच ढकलतात.

नागपूरच्या दुकानात मी लटकून होती. सन चौऱ्याऐंशीची गोष्ट. तिथं एक दिवस सुधाकरराव आले. तिकडं आंध्रात, मंचेरियलले कोळशाच्या खानीच्या हापिसात बडे बाबू. दुकानदारानं चांगलं इचारलं, “साब, खेलेगा कौन?”

“हमारी लडकी.”

“उमर?”

“तेरा साल.”

“कबसे खेलती?”

“चार महिने हो गये.”

“फिर ये ले जाव साब. हल्की है, मूठ पतली है. तार जरा ढीले हैं, तो गेंद खुद उछलती. बच्ची का हाथ नहीं दुखेगा.”

सुधाकररावानं ती हलकीवाली उचलली अन असं तोंड केलं जसं कोनी त्याइले पानी घातलेलं दूध देल्लं. त्याइच्या घरची रीतच तशी होती. भांडं कोनतंबी असो, गंज, परात का पितळेचा गुंड, आधी हातावर झेलायचं, मंग काट्यावर ठेवायचं. जड ते खरं, हलकं ते ठगवनं. आता हा मानूस काय करन? आमाले दोघीले काखेत मारलं अन बाजूच्या भांड्याच्या दुकानात गेला! तिथं लोट्या-परातीत आमाले तोललं. ती तीनशे चाळीस, मी चारशे.

“साठ ग्राम जास्त,” सुधाकरराव मिशीत हसले, अन परत येऊन रॅकेटवाल्याले म्हने, “ये बांधो!”

झाली माझी निवड. पोरीचा हात नागपुरात नव्हताच. तो मंचेरियलले शाळेत बसून गनितं करत होता.

घरी आली त सगळ्याइनं मले उचलून पाह्यलं. पोरीच्या, म्हंजे विनोदिनीच्या आईनं, पद्मिनीबाईनं उचललं. “अगं बाई, भल्ली वजनदार!” शेजारच्या रुक्माबाईनं उचललं. “हाव ना, मजबूत दिसते.” जसं काही मले चुलीवर ठेवून वरन शिजवायचं होतं. सगळ्यात शेवटी विनोदिनीनं उचललं. दोन हातानं. बापाच्या तोंडाकडं पाहून नुसती हसली. बाप इतका खुश होता, काय बोलन लेकरू!

ती शिके कोनाजवळ, त शामराव सारजवळ. क्लबच्या मातीच्या कोर्टावर सकाळी सहाले. त्याइनं तिले आपली एक जुनी रॅकेट देल्ली होती. हलकी, बारीक मुठीची, दोन तारा गाठ मारलेल्या. दिसाले भिकारीन, पन पोरगी तिच्यानं असा चेंडू मारे का मलेबी जळजळ झाली.

सारनं माझी मूठ विनोदिनीच्या हातात धरली अन म्हने, “बोटं मिटव. बोटं अन तळवा यायच्या मधात दुसऱ्या हाताचं एक बोट बसलं पायजे. इथं त चार बोटं ठेवून वरून पान खाता येईन!” मंग सुधाकररावाले म्हने, “भाऊ, हे मोठ्या मानसाचं हाय. बदलून आना.”

“बदलून? सार, नागपूरवरून आनली! अन मोठी रॅकेट घेतल्यावर मानूस मोठा होते का नाय?”

“बूट मोठे घेतले म्हनून पाय वाढतात का?”

सुधाकरराव फुगले. म्हने, “येत्या रविवारी वरंगलच्या मॅचसाठी पोरी निवडनार हायेत. विनू ह्याच रॅकेटनं खेळन. नाव आलं त ठीक. नाय आलं त टेनिस बंद, शिवनक्लास चालू.”

आता पाहा. पोरीचा खेळ चालला, अन त्याच्यात मले घुसवलं. मले इचारलं कोनी?

त रविवार आला. एकच सेट होता, समोर चारुशीला म्हनून इंजिनेरसाहेबाची पोरगी. विनोदिनीनं मले फिरवलं अन मी उशिरा आली. चेंडू निघून गेला, मी मागून. दुसऱ्यांदा चेंडू कडेले लागला, मी हातात गर्रकन फिरली. मुद्दाम नाय. बरं, थोडी मुद्दाम! काऊन नाय फिरनार? मले धरायले पुरा हात पायजे, अन तिथं चार बोटं लोंबकळून राह्यली. घट्ट तारा चेंडूले आपोआप फेकत नाय, जोर हातानंच लावा लागते. चार गेम झाले. चार-शून्य. पोरगी कोपर दाबून उभी.

कुंपनाच्या जाळीबाहेरून सुधाकरराव वरडले, “जोरात मार ना! काय खाल्लं नाय का?”

विनोदिनी खेळ सोडून जाळीजवळ आली. मले वाटलं रडते आता. नाय रडली. तिनं मले जाळीवरून बापाच्या हातात देल्लं.

“बाबा, हे धरा. एका हातानं, हात सरळ करून. मी एक गेम खेळते. गेम होईपर्यंत तुमचा हात खाली नाय आला, त बाकीचं सगळं हिच्यानंच खेळीन.”

“अन आला तर?”

“आला त तुमी गप बसा.”

सगळे अधिकारी, त्याइच्या बायका पाहून राह्यले होते. बडे बाबू नाय म्हनतात का? धरलं त्याइनं मले, परेडमधल्या शिपायावानी. शामराव सारनं जुनी भिकारीन विनोदिनीच्या हातात देल्ली, अन गेम सुरू झाला.

अन मी! मीबी जीव खाऊन जड झाली. पहिल्या पॉइंटले सुधाकरराव हसत होते. दुसऱ्याले मिशी हालली. तिसऱ्याले कोपर. पोरीनं गेम मुद्दाम लांबवला का काय, ते मले ठाऊक नाय, पन चेंडू दहादा-बारादा नेटवरून जाये अन येये. ड्यूस झाला, म्हंजे दोघी बराबर, परत ड्यूस झाला. सुधाकररावाचा हात हळूहळू असा उतरला जसं रेल्वेचं सिग्नल पडते. शेवटी मी धप्पकन त्याइच्या पायाच्या अंगठ्यावर!

“आई गं!”

पद्मिनीबाई पदरात हसल्या. “मजबूत हाय ना वो?”

सुधाकरराव गप बसले. विनोदिनी भिकारीन घेऊनच चार-शून्यवरून पाच-पाचपर्यंत आली. पन गेलेले चार गेम गेलेच होते, दमबी गेला होता. हरली, सात-पाच. यादी लागली. चारुशीलाचं नाव होतं, विनोदिनीचं नव्हतं.

सोमवारी सकाळी पाऊने सहाले पोरगी भिकारीन घेऊन दारात उभी. बूट घातलेले. बाप डाव्या हातानं चहा पिऊन राह्यला होता, उजवा उचलतच नव्हता.

“बाबा, तुमी बंद म्हनले होते. पन मी चालली.”

सुधाकररावानं कप ठेवला. सुजलेल्या अंगठ्याकडं पाह्यलं. मंग माझ्याकडं बोट केलं.

“बंद ती. तू जा.”

तवापासून मी खिळ्यावर हाव. मले वाईट वाटलं का? बिलकुल नाय. मी बेकार रॅकेट नाय, विनोदिनी बेकार खेळाडू नव्हती. बेकार ती जोडी होती, अन ते एका भांड्याच्या दुकानात ठरलं होतं. मले धरनारा हात येईन कधीतरी, वर्षानुवर्ष घासलेला, माझ्या ताकदीचा. नाय आला त मी लटकीन. पन शिकाऊ पोरीचं कोपर मोडायले मी जानार नाय, लिहून घ्या.

परवा रुक्माबाईनं मले खिळ्यावरून काढलं. भाचीसाठी मागत होती, आठ वर्षांची हाय म्हने. हातावर झेलून म्हनाली, “अशी वजनाची आता भेटत नाय वं.”

आतून विनोदिनी वरडली, “अवं काकू, ठेवा ती! पोरीले घेऊन या पहिले, तिच्या हातात देऊन पाहू!”