साहेब, कारकून आणि सायकलीचा तोल

कुत्र्यांना सायकलवर बसवायचं तर आधी त्यांचं वजन करायला हवं, याबद्दल काटेवाल्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि जगात जे काही बिघडतं ते एक पारडं खाली गेल्यामुळेच बिघडतं, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. संसारही त्याला अपवाद नव्हता. तिथलं एक पारडं अलीकडे चांगलंच खाली गेलं होतं आणि त्यात दोन कुत्री बसली होती.

कुत्री मुलीची. तिला परगावी नोकरी लागली, तिथल्या घरमालकाला कुत्री चालेनात, म्हणून ‘थोडेच दिवस हं, बाबा’ असं सांगून ती इथे सोडून गेली. तिने त्यांना भारदस्त परदेशी नावं ठेवली होती. घरात मात्र जाडा तो साहेब आणि काटकुळा तो कारकून. दोघंही एवढीशीच, अंधारात चप्पल समजून पाय घालावा इतकी. पण घरात एकटी ठेवली की असा गळा काढत, की वरच्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश खाली येऊन जबाब मागत.

त्यामुळे रविवारची सायकल बंद पडली. नवरा-बायकोनं सकाळी पूल ओलांडून तळ्यापर्यंत जायचं, काठावर बसून चहा प्यायचा आणि सगळ्या नातेवाइकांना एकेक करून नावं ठेवायची, हा लग्नापासूनचा नेम. आता बायको कुत्र्यांपाशी बसायची आणि काटेवाला एकटाच जाऊन यायचा. एकट्यानं नावं ठेवण्यात काही राम नसतो.

त्यात शनिवारी बायकोनं जाहीर केलं, “माझी सायकल ताईच्या सुनेला देऊन टाकते. नुसती गंजतेय.”

“अगं, पण रविवारचं काय?”

“तुम्ही जा की. तुम्हाला कोणी बांधून ठेवलंय?”

“उद्या यांनाही नेऊ. मी करतो बंदोबस्त.”

“तुमचे बंदोबस्त मला पाठ आहेत. उद्या जमलं तर ठीक. नाही तर ताईला फोन करते, संध्याकाळी घेऊन जाईल.”

काटेवाल्याला ते लागलं. सायकल गेली की रविवार गेला, आणि रविवार गेला की उरलेल्या आठवड्यात दोघांच्यात बोलायला गॅस आणि गुडघे एवढेच विषय होते.

सकाळी वजनं झाली. साहेब काट्यावर असा बसला, की जणू खुर्ची त्याच्याच नावावर आहे. कारकून मात्र लटलट कापत होता आणि त्याच्याबरोबर काट्यावरचा आकडाही. बायकोनं त्याला कडेवर घेऊन काट्यावर चढायची तयारी दाखवली. पण मग आधी तिचं वजन करून ते वजा करावं लागेल हे कळताच तिनं तयारी मागे घेतली. शेवटी काटेवाल्यानं अंदाजानं काम भागवलं. त्याच्या धंद्यात यापेक्षा मोठं पाप नाही.

कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दोरीनं एकेक टोपली लटकली. डावीकडे साहेब. उजवीकडे कारकून आणि फरक भरून काढायला दुकानातलं पितळी वजन, टॉवेलात गुंडाळलेलं. गरज पडली तर असावीत म्हणून आणखी चार वजनं पाठीवरच्या पिशवीत.

“काय हो, दुकान फिरतं केलंत की काय?” न्यायाधीशांनी गॅलरीतून विचारलं.

बायको आपल्या सायकलवर मागून येत होती.

पितळी वजनाशी कारकुनाचं पटेना. गल्लीच्या टोकापर्यंत तो त्याच्यावर गुरगुरत राहिला आणि बेकरीच्या वळणावर टुणकन उडी मारून साहेबाच्या टोपलीत गेला. सायकल डावीकडे कलली. काटेवाला उजवीकडे कलला. कसाबसा थांबून त्यानं कारकुनाला परत जागेवर बसवलं. दहा पावलांत कारकून पुन्हा साहेबाच्या मांडीवर.

“झालं? फिरायचं मागे?” बायकोनं विचारलं.

“थांब गं, सोपं आहे.” त्यानं पाठीवरची चारही वजनं काढून उजव्या टोपलीत घातली.

“अहो, कुत्र्यांना फिरवताय की वजनांना?”

तोल मात्र असा साधला, की काटेवाल्याचे डोळे भरून आले. सपाट रस्त्यावर तो ताठ मानेनं गेला. मग पुलाचा चढ आला. निम्म्या चढावर पाय थांबले, सायकल थांबली, आणि मग अगदी तोल सांभाळून मागे येऊ लागली. काटेवाल्यानं पाय टेकला तोवर ती सावकाश आडवी झाली. कुत्री टोपलीतून चालत बाहेर आली. पाचही वजनं खणखणत उतारावरून निघाली आणि कुत्री भुंकत त्यांच्या मागे.

बायको सायकल टेकवून फुटपाथवर बसली. खांदे गदगदत होते. ‘रडतेय,’ काटेवाल्याला वाटलं, ‘गेली सायकल.’ पण ती हसत होती. इतकी, की बोलताही येत नव्हतं.

“त्यांना... एकत्र बसायचंय हो,” ती म्हणाली. “द्या इकडे ती टोपली.”

तिनं टोपली त्याच दोरीनं आपल्या कॅरिअरवर मधोमध बांधली आणि दोघांना तिच्यात कोंबलं. साहेबानं कारकुनाच्या पाठीवर हनुवटी टेकली नि डोळे मिटले.

मधोमध ठेवलेल्या वजनाला दुसरं पारडं लागत नाही, हे काटेवाल्यालाही माहीत होतं. पण मग काटेवाला तरी कशाला लागतो?

तो वजनं गोळा करत होता तोवर ती पूल ओलांडून गेलीही. त्यानं टाचा उंचावून पाहिलं. पलीकडे डावा रस्ता ताईच्या घराकडे वळत होता. ती सरळ तळ्याच्या दिशेनं निघाली होती.

“पुढच्या वेळी दोरी जरा जाड आणा हो!” ती मागे न बघताच ओरडली.

“बरं!” म्हणत काटेवाल्यानं जोरात पायडल मारलं. दोरीचं त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. पुढची वेळ आहे, एवढंच त्यानं ऐकलं होतं.