हळदीच्या कढईजवळची घागर

हट्टा गावच्या किशनरावांच्या मळ्यात हळद शिजत होती. कढईवरचं ओलं पोतं मजुरीला आलेल्या सोजराबाईनं उचललं आणि वाफेचा भपका उजव्या हातावर आला. तिनं ओठ चावला. ह्याच हातानं अजून महिनाभर हळद वाळवायची, निवडायची होती. हात गेला म्हणजे हंगाम गेला.

अशा वेळी गावात वैद्यांना काय तोटा! सोबत राबणारी नानीबाई चुना घेऊन धावली, कुणी शाईची दौत मागितली, कुणी हळदच थापायला निघालं. दुसऱ्याच्या कातडीवर हात साफ करायची हौस भारी.

"सरका!" किशनरावांच्या आई रुक्माबाई कडाडल्या. "काय थापू नका. थंड पाणी पायजे."

आणि सोजराचं मनगट धरून त्यांनी हात थेट स्वतःच्या पिण्याच्या तांब्याच्या घागरीत बुडवला.

सगळ्या बायांचे हात थांबले. सोजराच्या बौद्धवाड्यातल्या बायांना आजवर त्या घागरीतलं पाणी हातभर वरून ओंजळीत पडत आलं होतं. हाताची आग क्षणभर विसरून सोजरा पुटपुटली, "आई, ही तुमची घागर हाय..."

"गप! पंधरा मिनिटं हात काढू नको. फोड आला तर फोडू नको, धुतल्या फडक्यानं झाक."

संध्याकाळपर्यंत आग ओसरली. बारीक दोनच फोड आले. घरी सोजरानं नवऱ्याला, रामजीला, ही गोष्ट तीनदा सांगितली.

"रुक्माबाईनं? सपान पडलं का तुला?" तो म्हणाला.

सोजराला रात्रभर त्या बाईबद्दल माया दाटून येत होती.

सकाळी ती मळ्यात पोचली तर रुक्माबाई तीच घागर घेऊन उभ्या. "सोजरे, ही घरी ने. तुला कामी यील."

तांब्याची घागर! सोजराला खरंच वाटेना. ती हरखून पुढं झाली, आणि तिची नजर आखाड्याच्या, मळ्यातल्या घराच्या, सावलीत गेली. तिथं तिवईवर नवी कोरी घागर होती, झाकण घातलेली. सोजराच्या हातानं बाटलेली घागर रुक्माबाईंना नको होती. काल पोळलं त्यापेक्षा हे जास्त पोळलं.

सगळ्या बाया बघत होत्या. सोजरानं फडकं बांधलेला हात मागं घेतला.

"न्हाई नेत, आई. हितंच राहू द्या, कढईपाशी," ती शांतपणे म्हणाली. "उद्या तुमचा हात पोळला तर?"

रुक्माबाई घागर घेऊन तशाच उभ्या राहिल्या. सोजरा कढईकडं वळली आणि डाव्या हातानं पोतं उचलू लागली.